एकोणिसाव्या खणातला मोजा

मित्रांनो, ज्ञानाचा मार्ग डोक्यातून नव्हे, पायांतून जातो. राजवाडे पडतात, ग्रंथ कुजतात, पण ज्या उंबरठ्यावर मनुष्य नम्रपणे बूट काढतो, तिथेच विद्येचा उगम होतो. हे मी अधिकाराने सांगते. मी एक जुनी, बूट ठेवायची लाकडी मांडणी आहे आणि विद्येचा उगम मी पासष्ट वर्षे अगदी जवळून सोसला आहे. त्याला ओल्या लोकरीचा आणि खारवलेल्या माशांचा वास येतो.

माझा जन्म उत्तर नॉर्वेतल्या स्कारवॉय बेटावर झाला. ओद्दवार नावाच्या म्हाताऱ्याने होडीच्या उरलेल्या फळ्यांतून मला घडवले. त्याने जन्मात होड्यांखेरीज काही बांधले नव्हते, त्यामुळे माझी डावी बाजू जरा फुगीर आहे. शाळेच्या दाराशी मला उभी करून तो म्हणाला, "बूट नीट राहतील की नाही ते सांगता येत नाही. पण बुडायची नाही."

तेव्हा मला अठ्ठावीस खण होते आणि शाळेत अठ्ठावीस मुले. मुले बूट माझ्याजवळ ठेवायची आणि लोकरीच्या मोज्यांवर वर्गात पळायची. वितळलेल्या बर्फाने माझ्या फळ्या काळ्या पडल्या, पण कामावर असलेली वस्तू काळवंडण्याची पर्वा करत नाही. मग समुद्रातले मासे कमी झाले, माशांमागून माणसे गेली. खण एकेक करून रिकामे होत गेले. शेवटी पाचच जोड उरले आणि सहावा गुन्वोरचा. गुन्वोर म्हणजे शाळेची बाई. लहानपणी तिचे बूट माझ्या चौथ्या खणात असत. अजूनही ती तिथेच ठेवायची.

सहापेक्षा कमी मुले असतील तर शाळेचे काय करायचे, हे नगरपालिका नोव्हेंबरात ठरवणार होती. शाळा बंद झाली की मुलांना पहाटे पावणेसातच्या बोटीने पलीकडच्या गावी जावे लागणार, जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास. 'शाळा का चालू ठेवावी?' असा एक कागदही आला होता. खाली लिहायला दोन कोरी पाने होती. गुन्वोरने लिहिले, 'मुलांना इथे बरे वाटते.' लिहून झाल्यावर तिला वाटले, जरा जास्तच झाले. म्हणून 'तसे' हा शब्द घातला.

तिला हसू नका. आमच्या बेटावर 'वाईट नाही' ही सर्वांत मोठी स्तुती. लग्नाला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी ओद्दवार आपल्या बायकोबद्दल तेवढेच म्हणाला, आणि ती बिचारी हमसून रडली.

सप्टेंबरात एका सकाळी अकरा परदेशी विद्यार्थी बोटीतून उतरले. ते शिक्षक व्हायला शिकत होते आणि वीस दिवसांत तीन देशांतल्या शाळा पाहत होते. मधल्या वेळात जलपरीचा पुतळा ("एवढुसाच?"), जुने जहाज, लाकडी चर्च, सगळे त्यांचे पाहून झाले होते. अकरा जोड बूट एकदम माझ्यात आले, मित्रांनो! त्या दिवशी मी जरा ताठ उभी होते.

त्यांतली डार्सी नावाची मुलगी अमेरिकेतल्या ओहायोची होती. तिने बूट काढला तर मोज्यातून अंगठा बाहेर.

आमची रानवेग नऊ वर्षांची, जिभेला हाड नाही. ती आपल्या भाषेत ओरडली, "बघा, हिचा अंगठाही शाळा बघायला आलाय!"

"काय म्हणाली?" डार्सीने विचारले.

"म्हणते, तुमचं स्वागत आहे," गुन्वोर म्हणाली.

पण रानवेगने स्वतःचे जादाचे मोजे आणून तिला दिले. आईने विणलेले, राखाडी, अंमळ सैल. डार्सी दिवसभर तेच घालून हिंडली. मुलांबरोबर पावसात किनाऱ्यावर गेली, शिंपले मोजायचे गणित केले, आणि चिंब होऊन परतली.

माणूस वर्गात पाहुण्यासारखा बोलतो, पण वाकून नाड्या बांधू लागला की खरे बोलतो. तीनच्या बोटीची वेळ झाली तेव्हा डार्सी माझ्याजवळ बसून म्हणाली, "गुन्वोर, अशी शाळा मी कुठेच पाहिली नाही. मी तुमच्या नगरपालिकेला पत्र लिहिणार आहे. अगदी खरं सांगा, काय हवंय तुम्हाला?"

मी श्वास रोखला. म्हणजे करकरायची थांबले.

"काही नको गं," गुन्वोर म्हणाली. "चाललंय आमचं."

"काहीच नको?"

"हवा जरा बरी असती तर…"

रानवेगला राहवेना. परकी भाषा तिला येत नव्हती, पण गुन्वोरची मान कुठल्या उत्तराला कशी हलते ते ती ओळखत होती. "गुन्वोर, सांग ना तिला! बंद करणारेत ते आपल्याला! मला नाही जायचं त्या बोटीतून!"

"काय म्हणते ती?"

गुन्वोर बाहेर बघत राहिली. स्वतःच्या दारात, तेही पाहुण्यापाशी, हात पसरायचा? तिच्या आईने कधी पसरला नव्हता.

"म्हणते, मोजे ठेवून घे."

"छे छे, परत करते!" बोटीचा भोंगा वाजत होता. डार्सीने एक मोजा रानवेगच्या हातात दिला आणि दुसरा घाईघाईने माझ्या एकोणिसाव्या खणात कोंबला. माझी फुगीर बाजू तीच. मोजा मागच्या फटीत घसरला. रानवेगने दोन दिवस शोधला, पण तिला तो सापडला नाही.

डार्सीने शब्द पाळला. तिने लिहिले, 'मी पाहिलेल्या अकरा शाळांत ही सर्वोत्तम. इथे कशाचीही उणीव नाही, असे बाईंनी स्वतः सांगितले. ही शाळा साऱ्या जगाने येऊन पाहिली पाहिजे.'

नोव्हेंबरात नगरपालिकेचे एगिलसाहेब हातात मोजायची टेप घेऊन आले. "अभिनंदन, गुन्वोर! शाळा जपायचं ठरलंय. जग येणार बघायला!"

"आणि मुलं?"

"लोक बघायला आले की मुलं मध्ये येतात. त्यांना पलीकडे पाठवू. बोटीतून समुद्र दिसेल, लोक त्यासाठी रजा काढतात."

"हो का," गुन्वोर म्हणाली. "बरं."

आता मी आदर्श शाळेचे प्रदर्शन आहे. मला पॉलिश केले आहे. अठ्ठावीस खणांत अठ्ठावीस बूट आहेत, प्रत्येकी एक, खिळ्याने ठोकलेला. पाहणारे स्वतःचे बूट काढत नाहीत, वर निळ्या पिशव्या चढवतात. त्यांना माहिती सांगायला गुन्वोरला ठेवले आहे. पॉलिश करताना तो मोजा सापडला. शेजारी पाटी लावली आहे, 'बेटावरील शेवटच्या विद्यार्थ्याचा मोजा'. लोक तिथे हळवे होऊन फोटो काढतात. त्यावर ओहायोच्या अंगठ्याचा घाम आहे, हे मी कोणाला सांगू?

परवाच्या रविवारी रानवेग आली. "गुन्वोर, हा माझा मोजा."

"माहीत आहे गं."

"मग दे की!"

"नोंद झालीय त्याची. विचारावं लागेल."

"मग विचार ना!"

"बघू," गुन्वोर म्हणाली. "त्रास कशाला द्यायचा कोणाला."

रानवेग दाराकडे वळली. ती हल्ली फारशी बोलत नाही. सकाळच्या बोटीत तिला झोप येते म्हणतात.

मित्रांनो, शाळा परत उघडा, असे मी म्हणत नाही. ते व्हायचे नाही; ओद्दवार चुकला, मी बुडाले. फक्त कधी इकडे आलात आणि गुन्वोरची पाठ वळलेली असली, तर तो मोजा उचला आणि पावणेसातच्या आत धक्क्यावर नेऊन द्या. तिथे एका पायाला गार लागते.

मात्र देण्याआधी एकदा धुवा.