चेंडू दुसरीकडं असताना

“चेंडूकडं सगळं गाव बघतं, पोरी. तू पाय बघ.”

डॅडींचा हा आवाज लहानपणीच कानात रुजला. लुइझियानातलं आमचं गाव, शुक्रवारचा सामना, कढईतल्या शेंगदाण्यांची वाफ, आणि कडेला शाळेचे कोच फॉन्टनो, म्हणजे माझे डॅडी. गाव बघे चेंडू, मी बघे पाय. गाव ओरडे नाव, मी मोजी धाव.

पुढं मोजणं हेच माझं काम झालं. विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी शाळकरी खेळाडू निवडताना त्यांचे आकडे मी तपासते. डॅडींच्या पोरांच्या सामन्यातल्या वेगाच्या रेघाही काढून त्यांना पाठवायची. ते चिडवायचे, “काय म्हणतंय तुझं कॅल्क्युलेटर?”

“तुमच्या अंगठ्यापेक्षा खरं बोलतंय!”

कारण डॅडींचा अंगठा मायाळू. पोरगं पळालं की स्टॉपवॉच उशिरा सुरू व्हायचं, लवकर थांबायचं. त्यामुळं आमच्या शाळेत हळू पळणारं पोर जन्मलंच नाही.

यंदा शिष्यवृत्तीची शेवटची एक जागा उरली होती. नावांत डॅडींच्या शाळेच्या संघातला जार्विस बटिस्ट होता. दुसऱ्या कुठल्याच विद्यापीठानं त्याला विचारलं नव्हतं. इथं नाही, तर त्याचा खेळ शाळेतच संपणार होता.

आमचे मुख्य कोच प्रुइट बैठकीत हसले. “नॅडीन, तुझ्या डॅडींच्या घड्याळात हा पोरगा हरीण. आपल्या लेझर-घड्याळावर मोजला तर म्हैस!”

सगळे खिदळले.

“त्या घड्याळात मीसुद्धा हरीण आहे, कोच,” मी म्हटलं. “ते सोडाच. लेझर खरं. पण लेझर मोजतं मोकळ्या मैदानात, एकट्याला. हे सामन्यातलं बघा.”

जर्सीखालच्या यंत्रानं टिपलेल्या वेगाची रेघ मी सामन्याच्या चित्रफितीखाली पडद्यावर लावली. चेंडू आपल्याकडं येणार असला की सगळेच जीव तोडून पळतात. तो दुसऱ्या बाजूला गेला की बाकीच्यांची रेघ झोपते. जार्विसची झोपत नव्हती. चेंडू नसतानाही तो तसाच धावत जाई, आडव्या आलेल्याला अडवी आणि साथीदाराला वाट करून देई. सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात, बाकीचे धापा टाकत असतानाही.

“आपण आजवर निवडलेल्यांत जे टिकले, त्यांच्या शाळेतल्या रेघा अशाच आहेत,” मी म्हटलं. “जे टिकले नाहीत, त्यांच्या नाहीत. दोन्ही मांडून ठेवल्यात.”

प्रुइटनी दोन्ही पाहिल्या. मग चित्रफीत मागं घेऊन पुन्हा पाहिली. हनुवटी खाजवली.

“बोलवा म्हशीला,” ते म्हणाले.

मी बाहेर येऊन डॅडींना फोन लावला. “घेतलं जार्विसला. तुमच्या घड्याळामुळं नाही हां.”

“बरं,” एवढंच ते म्हणाले. हंगाम संपेपर्यंत कुणाचं कौतुक करायचं नाही, पोरं फुगतात, हा त्यांचा नेम. घरातही तोच.

“माझा हंगाम कधी संपणार, डॅडी?” मी हसत विचारलं.

“ऐक,” ते म्हणाले. “तू पाठवलेल्या त्या रेघा आहेत ना, मी दर सोमवारी पोरांना दाखवतो. म्हणतो, हा माझ्या लेकीचा हिशेब. चेंडू नसताना कोण पळतो, ते तिला दिसतं. जार्विस त्यावरच घडला, पोरी. फक्त तुलाच सांगत नव्हतो.”