सुतकातली पेज

"तुमचो कोण गेलो वो, काकी?" हवालदार रघुनाथने विचारलं आणि पद्मावतीच्या तोंडचं पाणीच पळालं.

काल तिन्हीसांजेला कोणीतरी वाड्यावरच्या रुक्मिणीच्या गळ्यातली साखळी हिसकावली होती. म्हातारी पडली, हात मोडला. आज दुपारपासून पोलीस पार्शे गावातल्या या वाड्यावर दारोदार विचारत होते. प्रत्येक घरी एकच उत्तर. "दिव्याच्या वेळार पद्मावतीकाकी तुळशीकडे आसता. तिका विचारा."

आणि पद्मावती बोलून गेली होती, "काल मी दिवो लावकच नाय. सुतक आसा माका."

खोटं बोलायलाही सवय लागते. तिला ती कुठली?

"चुलतो," ती म्हणाली. "सावंतवाडीक." त्याच चुलत्याने सकाळी फोनवर गुडघेदुखीचं पुराण लावलं होतं. देवा, त्याला काही होऊ देऊ नकोस, ती मनात म्हणाली.

काल तिने दिवा लावला होता. मान वर केली तर समोरच्या कमलचा मुलगा साईश काजूंच्या झाडांतून पळत होता, मुठीत साखळी. तिचा नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा याच साईशने त्याला पाठुंगळी मारून गाडीत बसवलं होतं. कोणत्या तोंडाने सांगायचं?

"मगे ह्याकाच ठाण्यार व्हरतंव," रघुनाथ जीपकडे बोट दाखवत म्हणाला. जीपमध्ये संशयावरून धरलेला बाबाजी बसला होता, दोडामार्गहून बागेच्या कामाला आलेला.

"काकी, मी नाय वो! तुमी माका वळखतात!"

तेवढ्यात समोरून कमल आली, हातात झाकलेली तपेली. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी पेज पोचवायची, ही इथली रीत.

"माका सांगूक नाय गे? उपाशी ऱ्हवलंस?"

पद्मावतीला रडूच फुटलं. ती आत गेली, पणती घेऊन बाहेर आली. तिने तुळशीपुढे दिवा लावला. सगळे बघत राहिले.

"सुतक नाय माका," ती म्हणाली. "कालय लायलो मी दिवो. बाबाजीक सोडा. मी साईशाक बगलंय."

तपेली तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून कमल घरी गेली.

बाबाजी सुटला. साईशला रात्रीच नेलं.

पद्मावतीने ती पेज खाल्ली नाही, टाकलीही नाही. दुसऱ्या दिवशी ती आंबली, तेव्हा गाईला घातली. तपेली घासून तिने कमलसाठी दाराशी ठेवली आहे. तिन्हीसांजेला ती दिवा लावते आणि समोर बघते. कमलच्या तुळशीपुढे अजून काळोखच असतो.