जुन्या वर्षाचं मृत्युपत्र

सेनाइदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका जुन्या पँटीत लाकडाचा भुसा भरत होतो. नोव्हेंबर संपत आला होता. वर्षाच्या शेवटी आमच्याकडे घरोघरी जुन्या वर्षाचा बाहुला जाळतात. आमच्या गल्लीतले बाहुले मीच करतो.

सेनाइदा, माझी बायको, सकाळी तपासणीसाठी पोर्तोव्हिएखोच्या इस्पितळात गेली होती. ओट्यावर पाच मुलं तिची वाट बघत होती. लेखनात मागे पडलेल्यांना ती शाळा सुटल्यावर घरी शिकवायची.

"बाई येणार नाहीत," मी म्हणालो.

"आज, की कधीच?" यामिलेतनं विचारलं. बारा वर्षांची पोर, तोंडाची फटकळ.

"कधीच."

मुलं उठली नाहीत. शेवटी मी त्यांना हिरव्या केळ्यांचे गोळे तळून दिले.

तिच्यासाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या आणि दहाव्या दिवशी पाचही जण वह्या घेऊन हजर.

"फेब्रुवारीत परीक्षा आहे," यामिलेत म्हणाली. "नापास झालो तर वर्ष गेलं."

"मी चौथीत शाळा सोडली. मी काय शिकवणार?"

"शिकवू नका. बाईंनी आमच्याकडून बाहुल्याचं मृत्युपत्र लिहून घ्यायचं ठरवलं होतं, तेवढं करू."

बाहुला जाळण्याआधी त्याचं मृत्युपत्र वाचतात. जुनं वर्ष जाता जाता प्रत्येक शेजाऱ्याला काहीतरी ठेवून जातं, आणि टोमणाही मारतं. सेनाइदा म्हणायची, 'माझी शाळा' हा निबंध म्हटलं की ज्यांचा हात गळतो, त्यांना शेजाऱ्याच्या कोंबड्याची तक्रार लिहायला द्या, वही पुरत नाही.

"तुम्ही सांगा, मी लिहितो," मी म्हणालो.

यामिलेत सुरू झाली. "मी, जुनं वर्ष, पूर्ण शुद्धीत असताना माझे दोन्ही कान शेजारच्या दोन्या क्लेमेंसियांना देतो, म्हणजे त्यांना भिंतीपलीकडचं नीट ऐकू येईल."

मी 'मी, जुनं' इथवर पोचलो होतो.

"झालं?"

"थांब."

"डॉन लिबोरियो, तोवर नवीन वर्षही म्हातारं होईल." तिनं माझ्या हातातली पेन्सिल ओढून घेतली. ती अजून परत दिलेली नाही.

मग मला युक्ती सापडली. बाकीच्यांसाठी मी आणखी सावकाश लिहू लागलो. एकेक जण वैतागून पेन्सिल ओढायचा. विन्स्टननं तोवर कधी सलग एक ओळ लिहिली नव्हती. त्यानं लिहिलं, 'डॉन लिबोरियोंना माझा खोडरबर, कारण त्यांना चुका करायलाही वेळ लागतो.'

एकतीस तारखेच्या संध्याकाळी कोपऱ्यावर वाचन झालं. यामिलेतनं सात पानं वाचली. कानांची ओळ आली तेव्हा दोन्या क्लेमेंसिया झाडू घेऊन उठल्या, आणि म्हणाल्या, "पुन्हा वाच, मला नीट ऐकू आलं नाही." गल्ली हसून लोळली. मीही हसलो. सेनाइदा गेल्यापासून, पाच आठवड्यांत पहिल्यांदाच.

परीक्षेत चौघं पास झाली. विन्स्टनला मार्चमध्ये आणखी एक संधी आहे. तो आत्ता ओट्यावर बसून माझ्या बकरीची तक्रार लिहितोय. दुसरं पान चालू आहे.

सेनाइदाच्या थडग्यावर काय कोरायचं, असं गवंडी दर रविवारी विचारतो. यामिलेत म्हणते, "तुम्ही सांगा, मी लिहिते."

मी अजून काही सांगितलेलं नाही. दगड कोराच आहे.