निंबाळवाडी हॉल्टचा डबा

निंबाळवाडीनं कधी एस.टी. मागितली नाही. आजूबाजूच्या गावांनी मोर्चे काढले, पुढाऱ्यांच्या दारात ठाण मांडलं आणि फाट्यावरून बस आत नेली. निंबाळवाडीकर मात्र मिशीवर ताव देऊन सांगायचे, आमच्या गावाला रेल्वे थांबते. आता ती रेल्वे म्हणजे काय, तर अडीच फुटी रुळांवरून धावणारी लातूर-कुर्डुवाडी छोटी गाडी. धावणारी हा शब्दसुद्धा कौतुकानंच वापरायचा. चढावर तरणी पोरं खाली उतरायची, शेजारच्या रानातला हरभरा उपटायची आणि सावकाश पुन्हा चढून बसायची. हसणारे खुशाल हसोत. त्या गाडीनं त्या मुलखासाठी जे केलं ते मोठ्या रुळांवरच्या मोठ्या गाड्यांना जमलं नसतं, कारण त्या मुळात निंबाळवाडीला थांबल्याच नसत्या.

सिंधूपाशी त्या गाडीविषयी वेडंवाकडं बोलायची कुणाची टाप नव्हती. तिचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. त्र्याण्णव साली गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे जमीन हलली, तेव्हा निंबाळवाडीत दोनचार भिंती तडकल्या, तेवढंच. पण उजाडता उजाडता माहेराकडची बातमी आली आणि मग जो तो तिला म्हणायला लागला, “काई न्हाई झालं, समदे ठीक हायत.” दीर म्हणाला, नवरा निवृत्ती म्हणाला, शेजारणी म्हणाल्या. कडेवर सात वर्षांची लेक सुकन्या घेऊन सिंधू हॉल्टवर गेली. तशा दिवशी गाडी कशाला येते, असं सगळ्यांना वाटत होतं. गाडी आली, आणि वेळेवर आली.

किशनराव गार्डानं तिला गाडीच्या शेपटाकडच्या आपल्या ब्रेकव्हॅनमध्ये बसवलं. सिंधूनं विचारलं, “माजी माय हाय का हो?” त्या माणसानं हातातली झेंडी गुंडाळली. मग म्हणाला, “मला ठावं न्हाई, बाई. गाडी लातूरला नऊला पोचती आणि तितनं पुढं जायला मी तुमाला वाहन बघून देतो. एवढंच सांगतो.” आणि तेवढं त्यानं केलं.

माहेरी कुणीच उरलं नव्हतं. आई, भाऊ, भावजय, दगडी घर, सगळं एका ढिगाऱ्यात. त्या दिवसापासून सिंधूनं दोन गोष्टी सोडल्या. पक्क्या छताखाली झोपणं सोडलं, आणि “समदं ठीक हाय” या शब्दांवरचा विश्वास सोडला. दहा वर्षं ती अंगणातल्या पत्र्याच्या मांडवात झोपली. पाऊस असो, थंडी असो. निवृत्तीनं समजावून बघितलं, मग नाद सोडला.

अशा बाईनं पोरीला लातूरला शिकायला पाठवलं, यातच तिची छाती दिसते. तोवर लातूर पार बदलून गेलं होतं. ज्या शहरात भूकंपानंतर माणसं मैदानात झोपत होती, तिथं गल्लीगल्लीत शिकवणीवर्ग निघाले, मजल्यावर मजले चढले आणि मुखेड, लोहा, चाकूरकडची पोरं खोल्या घेऊन राहू लागली. दहावीला सुकन्याला बोर्डात नाव काढण्यासारखे गुण पडले. आता ती अकरावी-बारावीला लातूरला जाणार, डॉक्टर होणार. सिंधूनं एकच अट घातली.

“रोज माज्या हातचा डबा गाडीनं यील. डबा परत धाडताना त्यात चिमूटभर साखर टाकायची. दुसऱ्याचा डबा रिकामा धाडू न्हाई, ही तर रीतच हाय. साखर आली की मी समजंन, तू हायस. ज्या दिशी न्हाई आली, त्या दिशी मी यिऊन तुला घिऊन जाणार. परीक्षा असो का आणिक काई असो.”

“हाव,” सुकन्या म्हणाली.

गावात फोन एकच, किराणा दुकानात, आणि तो पावसाळ्यापासून मुका. तेव्हा सगळी मदार गाडीवर. किशनरावाच्या ब्रेकव्हॅनमध्ये सकाळी डब्यांची रांग लागायची. वाटेवरच्या गावागावांतल्या आया फडक्यांत बांधलेले डबे घेऊन उभ्या असायच्या. किशनरावाची नोकरी संपत आली होती, पण त्यानं एक डबा कधी आडवा होऊ दिला नाही. कालवणाचा डबा कुठला, हे तो वासावरून सांगायचा. लातूरला जिलानी हमाल ते उतरवून सायकलला लटकवायचा आणि खोल्याखोल्यांत पोचवायचा. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं. फडक्याचा रंग आणि गाठ बघून तो पोराचं नाव सांगायचा. सिंधूकडे दोन डबे होते. आज एक जायचा आणि कालचा परत यायचा. पावणेदोन वर्षांत एकदाही साखर चुकली नाही. आता इतकं चोख काम कुठल्या कचेरीत चालतं, ते मला दाखवा.

मग ठरलं की रुंद रूळ टाकायचे. छोटी गाडी बंद. जानेवारीच्या शेवटी ती शेवटची आली, तेव्हा गावानं इंजिनाला हार घातले, हलगी वाजवली, म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. सिंधू हार घेऊन गेली नाही, डबा घेऊन गेली.

“गार्डसाब, गाडीचं मी रडून घीन मागून. परीक्षा पंचवीस दिसावर आली. माजा डबा?”

किशनरावानं तिच्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि रूळ उचलणाऱ्या गँगच्या मुकादमाला हाक मारली. शंकरप्पा निलंग्याकडचा, दांडगा गडी. रूळ बार्शीकडून उचलत यायचे होते. म्हणजे लातूरकडचे रूळ शेवटपर्यंत राहणार होते, आणि त्यावरून त्याची सामानाची ट्रॉली माणसं ढकलत रोज सकाळी लातूरला जाऊन दुपारी परत येणार होती.

“डबा न्हेतो की, अक्का,” शंकरप्पा म्हणाला. “पर तुमच्या गावाचे रूळ पंधरा दिसात उचलंन मी. मंग ट्रॉली हितवर यायची न्हाई.”

सिंधूनं डबा छातीशी धरला. शंकरप्पानं डोक्यावरचं फडकं काढून पुन्हा बांधलं.

“बरं. ठेसना-ठेसनावरच्या बाजूच्या लाइनी बी उचलायच्याच हायत. त्या आधी उचलतो. मधली मागून. तेवढेच धा दिस निघतील.”

आणि त्यानं शब्द पाळला. ज्या हातांनी रूळ उखडायचे, त्याच हातांनी रोज एका पोरीचा डबा त्या रुळांवरून जपून नेला. दुपारी बाराला ट्रॉली परत यायची, सिंधू डबा उघडायची, साखर दिसायची, आणि मग ती जेवायची.

परीक्षेला तीन दिवस उरले तेव्हा रूळ उचलत उचलत गँग निंबाळवाडीला टेकली. हॉल्टशेजारी तंबू पडले. शंकरप्पाची बायको सिद्धम्मा गँगचा स्वयंपाक करायची. त्या दुपारी ट्रॉलीवरचा डबा तिच्या हाती आला, तर त्याला मुंग्या लागलेल्या. बाईमाणसाचा डबा असा मुंग्यांसकट द्यायचा? तिनं तो राखेनं खसाखसा घासला, धुतला, पदरानं पुसला आणि सिंधू आली तेव्हा कौतुकानं पुढे केला.

सिंधूनं झाकण काढलं. आत तिचंच तोंड दिसत होतं. बाकी काही नाही.

तिच्या हातातून डबा पडला. “काय झालं, अक्का?” सिद्धम्मा विचारत होती. पण सिंधूला आता कुणाचे शब्द ऐकायचे नव्हते. एकदा ऐकले होते, तेवढे पुरे. ती रुळांमधून चालू लागली. स्लीपरवरून स्लीपरवर, फेब्रुवारीच्या उन्हात, लातूरच्या दिशेनं सोळा किलोमीटर. वाटेत एक वहाण तुटली, ती तिनं टाकून दिली. दुसरीही टाकली. पोरीला का पाठवलं म्हणून स्वतःला शिव्या घातल्या, मग निवृत्तीला घातल्या, मग रुंद रूळ टाकणाऱ्या साऱ्या खात्याला घातल्या.

साडेचार वाजता ती लातूरच्या ओस पडलेल्या फलाटावर चढली. गाडी नसली तरी जिलानी रोजच्या जागी बसलेला होता. त्यानं तिला कधी बघितलं नव्हतं, पण तिच्या पदराचा रंग आणि डब्याच्या फडक्याचा रंग एकच होता.

“सुकन्याची आई ना तुमी? ताई, पोरगी खैरियतनं हाय. साखर माज्यासमोर टाकली तिनं.”

“मला दाखवा,” सिंधू म्हणाली.

जिलानी लगेच उठला. सायकल हातात धरून तो तिच्या अनवाणी चालीनं चालला आणि खोलीपर्यंत घेऊन गेला. तिसरा मजला. सिंधू जिन्यात दोनदा थांबली. वर दार उघडं होतं. सुकन्या पुस्तकात डोकं घालून बसली होती आणि तिच्याबरोबर राहणारी मुखेडची लुबना उभ्यानं पाठांतर करत होती.

“आई? तू? हितं वर?”

सिंधूनं पोरीचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं आणि म्हणाली, “सामान बांध.”

“साखर टाकली व्हती मी!”

“टाकली, जिलानीभाऊनं सांगितलं. पर मला दिसली न्हाई. आणि उद्या-परवा रूळ उचलतील, मंग डबाच न्हाई. तू ह्या दगडाखाली ऱ्हाणार आणि मला कळणार बी न्हाई. माज्यानं न्हाई व्हायचं. चल घरी.”

सुकन्या रडली नाही, भांडली नाही. तिनं आईचा हात धरून तिला आपल्या गादीपाशी नेलं. गादी दाराच्या उंबऱ्याला लावून घातलेली होती. उशाशी फळीवर सिंधूचा रिकामा डबा, त्यावर पालथा स्टीलचा पेला आणि पेल्यावर आणखी एक पेला.

सिंधूला ते ओळखायला वेळ लागला नाही. भूकंपानंतर घराघरात अशीच भांडी रचायचे. जमीन जरा हलली की भांडी खणखणायची आणि माणसं बाहेर पळायची.

“दोन वर्षं रोज रचती ही,” लुबना म्हणाली. “सकाळी पेले तसेच असले की हसती आणि डब्यात साखर टाकती.”

सिंधू गादीवर बसली. तिला वाटत होतं, भीती एकट्या तिच्या वाट्याला आली आहे. सात वर्षांची असताना पोरीनंही कडेवरून सगळं पाहिलं होतं, आणि तरी ती इथं राहून शिकत होती. सिंधूला पोरीचा फार अभिमान वाटला.

“तू ऱ्हा हितं, आई,” सुकन्या म्हणाली. “परीक्षा हुईस्तवर. दोघीजणी दाराशी झोपू.”

सिंधूनं वर स्लॅबकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिथंच आडवी झाली. सोळा किलोमीटर चाललेली बाई, पंखा फिरत होता, पोरगी हळू आवाजात वाचत होती. दहा वर्षांत पहिल्यांदा ती पक्क्या छताखाली झोपली, तेही भर दिवसा, घोरत.

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीबरोबर तिचा निरोप निवृत्तीला गेला, आणि काय घोळ झाला ते शंकरप्पा-सिद्धम्मालाही कळलं. परीक्षा संपेपर्यंत सिंधू लातूरला राहिली, दोघी पोरींचा स्वयंपाक केला. सुकन्याचे पेपर चांगले गेले.

मार्चच्या मध्याला मायलेकी फाट्यावर उतरून पायी गावाकडे आल्या. हॉल्टवर रूळ नव्हते, तंबू नव्हते. नुसती खडीची पांढरी पट्टी दोन्हीकडे लांबवर गेली होती. सिंधू छपरीत टेकली, तेव्हा तिला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली. रांग वर खिळ्यापर्यंत गेली होती, आणि खिळ्याला तिचा डबा टांगलेला होता.

तिनं झाकण काढलं. चिमूट नव्हे, काठोकाठ साखर. गँगच्या चहाची असणार सगळी.

सिंधू डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. गाडीचं रडायचं राहिलं होतं, ते तिला आत्ता आलं.

“आई, चल ना,” सुकन्या म्हणाली.

“आगं,” सिंधू डोळे पुसत म्हणाली, “ह्यो डबा भरून परत द्यायला पायजे. आता कशानं धाडू?”