सुटे भाग

“तासाभरात जोडून देतो की, ताई. बसा निवांत,” दुकानदार पुन्हा म्हणाला.

“नको. सगळं सुटंच द्या.”

बुधवार पेठेतल्या त्या अरुंद दुकानात खोक्यांच्या भिंती छतापर्यंत गेल्या होत्या. दुकानदारानं चष्म्यावरून आधी मैनाकडे पाहिलं, मग तिच्या मागे गाडीची किल्ली बोटावर फिरवत उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याकडे, संभाजीकडे.

“साहेब, घरी कोणी जाणकार आहे का?”

“हिलाच विचारा,” संभाजी म्हणाला.

“आहे,” मैना म्हणाली.

“कोण?”

“मी.”

दुकानदारानं मान हलवली आणि खोकी काउंटरवर रचायला सुरुवात केली. “ठीक. जोडताना काही मोडलं, तर ते तुमचं. परत आणायचं नाही. तशी पाटी लावलेली आहे, पण पाटी वाचायची पुण्यात पद्धत राहिली नाही.”

“मी वाचली,” मैना म्हणाली आणि पिशवी पुढे केली.

परतीच्या वाटेवर तिनं मदरबोर्डचं खोकं डिकीत ठेवू दिलं नाही. हडपसरच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हाही ते तिच्या मांडीवरच होतं.

“तयार कॉम्प्युटर मिळतो दुकानात. कशापायी हा व्याप?” संभाजीनं विचारलं. तो रागावला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

“तयार घेतला, की बिघडल्यावर दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो,” ती म्हणाली.

संभाजीनं नजर पुढच्या गाड्यांकडे वळवली, कारण ती काम करायची तो जुना लॅपटॉप त्यानंच दुरुस्तीला दिला होता.

हडपसरला श्यामलाताईंचं ब्लाउज शिवायचं मोठं दुकान होतं आणि त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारी भरतकामाची मशीन होती. मशीनला नक्षी लागते. टाका कुठून निघायचा, कुठं वळायचा, कुठं धागा तोडायचा, हे सगळं आधी स्क्रीनवर आखावं लागतं. मैना ते घरी बसून करायची. मोर, वेली, कोयऱ्या, बाह्यांचे काठ. दोन वर्षं तिनं संभाजीच्या जुन्या लॅपटॉपवर काम केलं. मग तो बंद पडायला लागला. दुरुस्तीवाल्यानं तो उघडला आणि सगळं बोलणं संभाजीशीच केलं. मैनानं काही विचारलं, तर उत्तरही त्यालाच. “वहिनींना नाही कळायचं ते, दादा.” लॅपटॉप चकचकीत होऊन परत आला आणि आत काहीच नव्हतं. पुसून कोरा केलेला. “आत काही महत्त्वाचं होतं का?” असं त्यानं नंतर विचारलं. तेसुद्धा संभाजीलाच.

मैना त्या दिवशी रडली नाही. भाकरी थापता थापता तिनं ओट्यावर मोबाईल उभा केला आणि कॉम्प्युटर कसा जोडतात, याचा पहिला व्हिडिओ लावला. पुढं कित्येक महिने त्या स्वयंपाकघरात फोडणीच्या आवाजाबरोबर प्रोसेसर आणि रॅमची चर्चा चालू राहिली. तिच्या सासूबाई, सरुबाई, एकदा म्हणाल्या, “ह्यो मोबाईलमधला बाबा आता वळखीचा झालाय. जेवायला बोलीव त्याला.”

घर मांजरीत, रस्त्याला लागून. दुमजली, संगमरवरी. मैना लग्न होऊन आली, त्याच वर्षी उसाची जमीन गृहप्रकल्पाला गेली होती आणि त्याच पैशांत हे घर उभं राहिलं. संभाजी प्लॉटच्या व्यवहारात पडला, त्यात त्याचं बरं चाललं होतं. कमी अशी कशाचीच नव्हती. पण त्या घरात पाणी पिण्याच्या पेल्यापासून देवघराच्या कळसापर्यंत सगळं विकत आलेलं होतं. सासरे दत्तोबा सकाळी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून पोर्चमध्ये बसत. त्यांच्या तळव्यांचे घट्टे एव्हाना मऊ पडले होते. दुपारी ते आत येत, जेवत, पुन्हा पोर्चमध्ये बसत.

मैनानं जेवणाचं टेबल मोकळं केलं आणि त्यावर एकेक खोकं उघडून मांडलं, तेव्हा दत्तोबा खुर्ची ओढून समोर येऊन बसले.

“ह्यातलं डोकं कंचं?”

“हे, मामा.” तिनं तळहातावर प्रोसेसर धरून दाखवला. बिस्किटाएवढा, खाली मुंगीच्या पायांसारख्या बारीक पिना.

“एवढंसं?”

“एक पीन वाकली तरी गेलं.”

“मग बोलू नगं. कर,” ते म्हणाले आणि स्वतःच श्वास रोखून बसले.

प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण होता, तसाच बोर्डवर होता. तिनं कोपऱ्याला कोपरा जुळवला आणि बोटं सोडली. दाबायचं नसतं, आपोआप बसतो, हे तिनं शंभरदा ऐकलं होतं. तरी तो खरोखर आपोआप बसला, तेव्हा तिचे डोळे भरून आले. तिनं बाजूची दांडी खाली केली. वर पंखा बसवला, चारही स्क्रू आळीपाळीनं आवळले. संध्याकाळपर्यंत बोर्ड लोखंडी कॅबिनेटमध्ये गेला, आणि मागच्या बाजूची पातळ पत्र्याची पट्टी टेबलावर तशीच राहिलेली तिला दिसली. ती आधी बसवायची असते. सगळे स्क्रू काढून बोर्ड पुन्हा बाहेर.

“ऱ्हायली तर ऱ्हावू दी. काय बिघडतंय?” सरुबाई म्हणाल्या. त्या दिवशी सगळ्यांना स्वयंपाकघरात खाली पाट मांडून जेवावं लागलं होतं.

“उघड्या फटीतनं झुरळ जाईल आत्या,” मैना म्हणाली. सरुबाईंना ते लगेच पटलं.

दत्तोबांना दुसऱ्या दिवशी पोर्चमध्ये बसवेना. रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्याला ते थांबवून सांगू लागले. “सून कॉम्प्युटर बनवती. इकत न्हाई, बनवती.” मैनाला आतून ऐकू येई. धास्तीही वाटे आणि बरंही वाटे.

रविवारी सगळं जोडून झालं. सरुबाईंनी कॅबिनेटला हळदकुंकू वाहिलं, पुढं नारळ ठेवला. संभाजीबरोबर धंद्यात भागीदार असलेला दिगंबर चहाला आला होता, शेजारची दोन घरंही आली. मैनानं बटण दाबलं. आतले पंखे फिरले, कडेचे रंगीत दिवे लागले. सगळ्यांच्या माना स्क्रीनकडे वळल्या. स्क्रीन काळीच राहिली. तिनं बंद केलं, पुन्हा लावलं. पंखे, दिवे आणि काळी स्क्रीन.

“रोषणाई मात्र झकास हाय, वहिनी,” दिगंबर बशीत चहा ओतत म्हणाला. “दिवाळीला दारात ठेवता येईल.”

कोणीतरी हसलं. मैनाची कानशिलं तापली. इतक्या वर्षांत या घरात ती कधी कशात चुकली नव्हती, कारण चुकावं असं काही तिनं केलंच नव्हतं.

संभाजीनं खिशातून फोन काढला. “थांब, माणूस बोलावतो. पाच मिनिटांचं काम असंल त्याचं.”

“फोन ठेव,” दत्तोबा म्हणाले.

“आबा, सगळे बसलेत…”

“बसू दे. न्हाईतर उठू दे. तिचं हाय ते, ती बघंल.” त्यांनी आवाज चढवला नाही. “पयलं इंजिन आणलं व्हतं म्या विहिरीवर, तवा सुरू व्हईना. ऊस वाळाय लागला. समदी म्हनली, फिटर आणा. माझा बाप वाटंत आडवा उभा ऱ्हायला. म्हनला, पोराला समजंपतूर कुणी हात लावायचा न्हाई. एक सरी जळाली. पर त्याच्यानंतर त्या इंजिनाला कधी परका हात लागला न्हाई.”

दिगंबरनं चहा संपवला. लोक हळूहळू पांगले. संभाजीनं फोन खिशात ठेवला आणि तिच्याजवळ येऊन हळूच विचारलं, “काही धरायला पाहिजे का? बॅटरीबिटरी?”

“आज नको. उद्या उजेडात बघते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळची कामं उरकून तिनं टेबल खिडकीजवळ सरकवलं आणि कॅबिनेटचं झाकण काढलं. रॅम काढून पुन्हा बसवली, दोन्ही बाजूंनी कट्ट आवाज येईपर्यंत. स्क्रीन काळीच. स्क्रीनची वायर तपासली. काळीच. प्रोसेसर बिघडला असेल, पीन वाकली असेल, हे विचार तिनं बाजूला सारले. आपण काय काय जोडलं, त्यापेक्षा काय जोडायचं राहिलं ते बघू, असं ठरवून ती बोर्डाच्या एका टोकापासून प्रत्येक मोकळं भोक निरखायला लागली. अगदी वरच्या कोपऱ्यात, पंख्याच्या सावलीत, एक छोटी चौकोनी खाच होती. रिकामी. तिनं बोर्डाच्या पुस्तिकेत पाहिलं. प्रोसेसरची वीज तिथून जायची होती. बोर्डाला वीज होती, पंख्यांना होती, दिव्यांना होती. फक्त डोकं उपाशी होतं.

त्या खाचेची वायर कॅबिनेटच्या मागं, उरलेल्या वायरींच्या जुडग्यात तशीच बांधलेली सापडली. तिनं ती सोडवली, वरच्या फटीतून ओढून घेतली आणि दाबून बसवली.

दत्तोबा समोरच्या खुर्चीवर होते. तिनं त्यांच्याकडे न बघता बटण दाबलं.

पंखे फिरले. थोडा वेळ काहीच नाही. मग स्क्रीन उजळली आणि अक्षरं उमटली. प्रोसेसरचं नाव, रॅमचं माप, तिनं बसवलेल्या प्रत्येक भागाची ओळख. जणू आतले सगळे जण आपापलं नाव सांगून हजेरी लावत होते. मैना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. हसावं की बसावं, हे तिला सुचेना.

“झालं?” दत्तोबांनी विचारलं.

“झालं, मामा.”

ते उठले, धोतर नीट केलं आणि पोर्चमध्ये गेले. त्यांनी दिगंबरला फोन लावल्याचं तिला आतून ऐकू आलं. “चहाला ये,” एवढंच ते म्हणाले.

दिगंबर आला, तेव्हा स्क्रीनवर मैनाचा पहिला नवा मोर होता. “कुठल्या कंपनीचा म्हणायचा हा?” त्यानं कॅबिनेटवर टिचकी मारत विचारलं.

“घरचा हाय,” दत्तोबा म्हणाले. “जपून वाजीव.”

त्या हंगामात श्यामलाताईंकडून इतकं काम आलं, की टेबल पुन्हा जेवायला मिळण्याची आशा सरुबाईंनी सोडली आणि संभाजीनं दुसरं टेबल आणलं. लॅपटॉपमधली गेलेली नक्षी परत आली नाही. जी आठवली, ती मैनानं पुन्हा काढली. बाकीची सोडून दिली. दत्तोबांची खुर्ची मात्र पोर्चमधून तिच्या टेबलाशेजारी आली, ती तिथंच राहिली. ते फारसं बोलत नसत. रेघ कशी वळते, टाके कसे भरत जातात, ते बघत बसत.

एका दुपारी त्यांनी विचारलं, “तुरा काढता यील का गं?”

“कोंबड्याचा?”

“उसाचा.”

मैनाचं माहेर सासवडकडचं, कोरडवाहू. ज्वारी, सीताफळं. उसाचा तुरा तिनं एसटीच्या खिडकीतून पाहिला असेल तेवढाच. “जवळून बघितला नाही कधी. कसा असतो?”

दत्तोबांनी मान वळवली. खिडकीबाहेर त्यांच्या जमिनीवरच्या इमारती ओळीनं उभ्या होत्या. बाल्कन्यांत कपडे वाळत होते.

“तुरा आला म्हंजी नुकसान,” ते म्हणाले. “ऊस आतनं पोकळ पडतो, वजन घटतं. तुरा दिसला, की माझा बाप शिव्या द्यायचा. म्या बी दिल्या. पर थंडीत सकाळच्याला समदा उसाचा फड पांढरा दिसायचा. चांदीवानी. शेतकऱ्यानं नुकसानीला चांगलं म्हनू नये, म्हनून कुणापुढं बोललो न्हाई.”

मैनानं मोर बंद केला आणि कोरं पान उघडलं. एक उभी रेघ ओढली. तिच्या टोकाला बारीक बारीक रेघा फुटू लागल्या.

“असा?”

“एवढा ताठ नसतो. वाकीव.”

तिनं वाकवला.

“ह्या बाजूला न्हाई. वारं नदीकडनं येतं.”

तिनं तो दुसऱ्या बाजूला झुकवला, टोकाशी अजून थोडा सैल केला. दत्तोबा खुर्चीवरून पुढं सरकले. त्यांनी बोट स्क्रीनजवळ नेलं, पण काचेला लावलं नाही. तुऱ्याच्या कडेकडेनं ते बुडख्यापासून शेंड्यापर्यंत सावकाश वर नेलं आणि तिथंच धरून ठेवलं.

“आता,” ते म्हणाले, “एकच ठेवू नगं. फड काढ.”