एक चिंचोका

कुशाबाने मडक्यात मनगटापर्यंत हात घातला आणि मूठ सैल केली. वाल मुठीतच राहिला, चिंचोका खाली पडला. आवाज झाला नाही, कारण मडक्याच्या तळाशी जुनं फडकं घातलेलं असे. तो आपल्या जागेवर येऊन बसला आणि समोरच्या भिंतीकडे बघू लागला. तिथे उबेदच्या फोटोसाठी ठोकलेला खिळा तिसऱ्या वर्षीही रिकामाच होता.

नाते गावच्या गांधारकाठ क्रीडा मंडळाची ही रीत जुनी. भात झोडून झालं, शेतं मोकळी झाली की मंडळाच्या खोलीत सभा भरायची. मंडळाची बनियन घालून कबड्डी खेळलेल्या प्रत्येकाला एक वाल आणि एक चिंचोका मिळायचा. खेळाडूचा फोटो लावायचा असेल तर मडक्यात वाल टाका, नको असेल तर चिंचोका. उरलेली बी ज्याने त्याने मुठीत लपवून घरी न्यायची. सगळे वाल निघाले तरच फोटो, एक जरी चिंचोका निघाला तरी पुढच्या वर्षी बघू. ज्या गावात साध्या गटारावर एकमत होत नाही, त्या गावाने हा नियम कोणत्या मुहूर्तावर केला कोण जाणे. एवढ्या वर्षांत भिंतीवर एकच फोटो चढला होता, धोंडूअण्णांचा.

अध्यक्ष रावजीभाऊंनी मडकं सुपात उपडं केलं. पिवळसर वालांमध्ये तो काळपट चिंचोका लपता लपत नव्हता.

"परत एक," रावजीभाऊ म्हणाले. "मारुतीराया सोता चढाईला उतरला तरी ह्या गावात एक चिंचोका पडंलच."

पांडू उभा राहिला. तरणा, तोंडाने फटकळ, पण उबेदचा खेळ बघतच मोठा झालेला.

"मला ठाऊक हाय का पडतो त्यो. उबेदभाईचं नाव दुसरं काय असतं ना, तर फोटो कवाच लागला असता."

खोलीत सगळेच जमिनीकडे बघू लागले. कुशाबाचे कान तापले. मुठीतला वाल त्याला टोचायला लागला. असाही अर्थ निघेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याच्या डोक्यात होते ते धोंडूअण्णा. फोटो लागला की त्या खेळाडूने मंडळातर्फे मैदानात पाय टाकायचा नाही, हा नियमाचा दुसरा अर्धा भाग. नारळ, शाल आणि मग रेषेच्या बाहेर. अण्णांचा फोटो लागला तेव्हा कुशाबा नवखा होता. एका सकाळी सरावाला एक गडी कमी पडला. रेषेबाहेर बसलेले अण्णा उठले, त्यांनी धोतर खोचलं आणि एक पाय आत टाकला. कुणीतरी थट्टेने म्हणालं, "अण्णा, तुमी आता भिंतीवर." सगळे हसले. अण्णाही हसले, पण पाय मागे घेताना त्यांचा चेहरा कुशाबाने पाहिला होता.

उबेद त्यानंतरचा. चढाईला गेला की समोरच्यांचे पाय जमिनीला चिकटायचे. पोलादपूर, महाड, पार माणगावपर्यंत लोक त्याच्यासाठी सामने बघायला यायचे. पण कुशाबाला आठवायचा तो साखळीतला उबेद. कुशाबा डाव्या कोपऱ्यात, उबेद त्याच्या शेजारी, हातात हात. समोरचा गडी नेमका आवाक्यात आला की कुशाबा अंगठा दाबायचा आणि दोघे एकदम झेपावायचे. सात वर्षांपूर्वी उबेद सौदीत दम्मामला ट्रेलर चालवायला गेला. त्याची जागा जानूला मिळाली. जानू खेळाडू चांगला, पण हात लवकर सोडतो. कुशाबाला उबेदची आठवण यायची ती अशी, हातातच यायची. फोटो लागला नाही तोवर उबेद खेळाडू होता, परत येऊन शेजारी उभा राहणार होता. म्हणून चिंचोका.

सभेनंतर आठवड्याने तो नवे तांदूळ घेऊन मोहल्ल्यात गेला. उबेदच्या आईकडे, नुरजहाँचाचीकडे, दर वर्षी पहिले तांदूळ तोच पोचवायचा. चाचीने पिशवी घेतली, चहा टाकला, आणि कप हातात देऊन समोरच बसली.

"कुशाबा, खरं सांग. माझ्या उबेदचं काय चुकलं रे?"

"काय नाय चुकलं, चाची."

"मग दर साली एकाला तो नको का? फोनवर विचारतो, अम्मी, काय झालं? काय सांगू? तुझं नाव आडवं येतं, असं सांगू? जन्म ह्या गावात गेला माझा. अशी गोष्ट तोंडातून काढताना जीभ जड होते."

"तसं नाय गो, चाची."

"तुला कसं ठाऊक?"

कुशाबाने कप तोंडाला लावला. चहा फार गरम होता, तरी तो पीत राहिला. सांगावं, असं फार वाटलं. पण काय सांगायचं? तुमच्या लेकाच्या मानाच्या आड मीच उभा आहे, आणि तेही त्याच्यावर जीव आहे म्हणून? ऐकायला ते शहाण्या माणसाचं बोलणं वाटत नव्हतं.

"पुढल्या साली सुट्टीवर येतोय तो," चाची म्हणाली. "त्याच्या डोळ्यांसमोर तरी चिंचोका नको पडायला."

त्या वर्षभरात कुशाबाने मनाची तयारी केली. माणसाला धरून ठेवायचं म्हणजे त्याच्या आईला रडवायचं नाही, एवढं त्याला समजत होतं. समजून उपयोग मात्र होत नव्हता. सकाळी सरावाला साखळी लागली की तो आधी उजवीकडची जागा बघायचा, मग जानूचा हात धरायचा.

उबेद आला तो कानशिलावर पांढरे केस आणि बनियनमध्ये न मावणारं पोट घेऊन. बसताना त्याचे गुडघे कटकट वाजले. सभेला तो कुशाबाच्या शेजारीच येऊन टेकला. रावजीभाऊंनी वाल आणि चिंचोके वाटायला घेतले आणि उबेदपाशी अडखळले.

"तुझंच नाव हाय, तुला काय द्यायचं?"

"मी पण बनियन घातलीय ना मंडळाची?" उबेद म्हणाला.

"द्या हो, एक वाल तर वाढंल," मागून जानू म्हणाला, आणि खोली हसली. रावजीभाऊंनी दोन्ही बिया उबेदच्या हातावर ठेवल्या.

कुशाबाची पाळी आली. त्याने मडक्यात हात घातला. बोटांना दोन्ही बिया नीट ओळखू येत होत्या. त्याने वाल सोडला. ऐन पकडीत साखळीतला हात सोडल्यासारखं वाटलं त्याला. तो परत येऊन बसला, मूठ मांडीखाली दाबून. त्याच्यामागून उबेद गेला, आला. मग बाकीचे.

बाहेर ओट्यावर नुरजहाँचाची येऊन उभी होती. बायका या सभेला येत नसत, पण तिला कुणी काही म्हटलं नाही. रावजीभाऊंनी एका हाताने नारळ जवळ ओढला आणि दुसऱ्या हाताने मडकं सुपात उपडं केलं.

वाल घरंगळले. त्यांच्यामागून एक चिंचोका येऊन सुपाच्या काठाशी थांबला.

कुशाबाने आधी आपली मूठ किंचित उघडून पाहिली. त्याचा चिंचोका तिथेच होता.

पांडू ताडकन उठला. "बघा. माणूस समोर बसलाय तरी लाज नाय. आता नाव घेऊनच बोलतो—"

"पांडू, बस खाली," उबेद म्हणाला. "तो माझा हाय."

रावजीभाऊ सूप हातात धरून उभेच राहिले.

"डोकं फिरलं का रे तुझं?" ते शेवटी म्हणाले. "आज तुझा फोटो लागला असता."

"लागला असता ना," उबेद म्हणाला. "म्हणूनच टाकला, भाऊ. तिकडं रोज रात्री मी इथं खेळतो. भिंतीवर चढलो, मग कुठं जाऊ?"

रावजीभाऊंनी सूप खाली ठेवलं. बराच वेळ ते वाल निवडल्यासारखे नुसते चाळवत राहिले. मग म्हणाले, "पुढल्या साली बघू." लोक हळूहळू उठू लागले. दारातून जाताना जो तो चाचीशी दोन शब्द बोलून जात होता.

कुशाबा आणि उबेद दोघेच भिंतीला टेकून बसून राहिले. कुशाबाने मूठ उघडली आणि चिंचोका त्याच्यापुढे धरला.

"ह्या वर्षी मी वाल टाकला," तो म्हणाला. "पण आधीचे तीन—"

उबेदने त्याचा तळहात आपल्या हातात घेतला, आपल्या मुठीतला उरलेला वाल त्या चिंचोक्याशेजारी ठेवला आणि वरून अंगठा दाबला. हात आता जाड झाला होता, खरखरीत झाला होता, पण पकड तीच होती. कुशाबाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

"अम्मीला दोघं मिळून सांगू," उबेद म्हणाला. "एकट्याला जोड्यानं मारंल."

ओट्यावर चाची अजून उभी होती. उबेद भिंतीचा आधार घेत, गुडघे वाजवत उठला.

"सकाळी कधी जमता रे मैदानावर?"

"दिसायला लागलं की."

"मला हाक मार."