एक थांबलं, दुसरं गेलं

बोटीवर इलेक्ट्रिशियन असलेला हरेश सुट्टीवर पनवेलला आला, की जर्मनीत घेतलेली छोटी आगगाडी टेबलावर मांडायचा. वडील, तुळशीराम, पनवेल स्टेशनात गाड्यांसाठी रूळ बदलणारे पॉइंट्समन होते, आता निवृत्त. ते खुर्ची ओढून बघत बसायचे. मागच्या सुट्टीत म्हणाले, "दोन्ही इंजिनं एकदमच पळतात. एक थांबून दुसऱ्याला वाट देतंय, असं नाय व्हत?"

होत नव्हतं. रुळातली वीज दोघांना सारखीच मिळायची.

सत्त्याण्णव साली हरेश नवा कंट्रोल बॉक्स आणि दोन चिप घेऊन आला. नखाएवढी चिप इंजिनाच्या पोटात बसवली, की ते इंजिन फक्त आपल्या नंबरचा हुकूम ऐकणार होतं. पहिली चिप त्याने त्याच संध्याकाळी जोडली आणि ती धूर काढून जळाली. हरेशने बॉक्स आवरून ठेवून दिला.

त्याची बायको सुमती तळोज्याच्या कारखान्यात सर्किटवर सोल्डरिंग करायची. रविवारी तिनेच विषय काढला.

"दुसरी आपण दोघं मिळून बसवू या का?"

"हीपण गेली तर?"

"तर पुढच्या खेपेला आणा. आधी मीटर घ्या."

हरेशने मीटरची एक टोचणी मोटरला आणि दुसरी, रुळातली वीज घेणाऱ्या, इंजिनाच्या सांगाड्याला लावली. मीटर वाजलं, म्हणजे दोन्ही अजून जोडलेले होते. मधली वायर तर त्याने पहिल्याच वेळी कापली होती. मग रुळातली वीज मोटरपर्यंत थेट पोचत होती कुठून? त्याने मोटर सोडवून उलटी केली. खाली एक पितळी पट्टी सांगाड्याला टेकलेली होती.

"ही दिसलीच नव्हती," तो म्हणाला. "हिच्यामुळेच पहिली जळाली."

सुमतीने पट्टी कापली, खाली इन्सुलेशन टेप लावली. आता मीटर गप्प होतं. हरेशने इंजिन धरलं, तिने एकेक वायर जोडली.

"श्वास घ्या," ती म्हणाली. "तुमच्यामुळे इंजिन थरथरतंय."

संध्याकाळी दोन्ही इंजिनं रुळावर आली. त्यातलं चिप नसलेलं जुनं इंजिनही त्या बॉक्सवर चालवता येत होतं, फक्त रुळात सतत वीज असल्याने उभं असताना ते गुणगुणत राहायचं. हरेशने कंट्रोल वडिलांच्या हातात दिला. तुळशीरामांनी जुनं इंजिन बाजूच्या रुळावर घेऊन थांबवलं. चिपवालं शेजारून सरळ निघून गेलं. ते पार पुढे गेल्यावरच त्यांनी थांबलेलं सोडलं, आणि नकळत त्यांचा डावा हात झेंडी धरल्यासारखा वर गेला.

"पुढच्या वेळी अजून एक चिप आणा म्हणावं यांना," सुमती सासऱ्यांना म्हणाली. "दुसऱ्यातही बसवते. मग ते गुणगुणायचं थांबेल."

"नको," तुळशीराम म्हणाले. "स्टेशनात उभं इंजिन कधी गप असतं का? त्याला तसंच राहू दे."

"फार वेळ उभं ठेवू नका, बाबा. मोटर तापते," हरेश हसत म्हणाला.

"मंग सोडतो की," म्हणत त्यांनी पुन्हा गाडी काढली.